एकाच वायरिंगवर

घराची वाटणी झाली की सामाईक काही उरत नाही, असं दिगंबरराव लोकांना सांगत. दोघा भावांत भिंत होती, तीन वर्षांचा अबोला होता. वायरिंग तेवढं एकत्र राहिलं.

विजेच्या तारांतूनच नेट पोचवणारे दोन प्लग लावून त्याच वायरिंगमधून त्यांनी मागच्या खोलीत लेकीसाठी इंटरनेट नेलं होतं. आज तिची नोकरीची मुलाखत सुरू झाली आणि पलीकडे मिक्सर फिरला. पडद्यावरचे साहेब तोंड उघडं ठेवून थिजले.

“बाबा, काकूची चटणी! मिक्सर चालला की नेट जातं. सांगा ना!”

दिगंबररावांनी धाकट्याची कडी वाजवली. “अर्धा तास मिक्सर नको. आपल्या गार्गीची मुलाखत आहे.”

“दादा, तीन वर्षांनी आलास, तेही मिक्सर बंद करायला!” म्हणत धाकट्याने आत जाऊन मिक्सर बंद केला.

मुलाखत छान झाली. जेवताना पलीकडून वाटी आली.

चटणी भरड होती.