खाली उतरलेली झाडकांगारू

भुंकत पुढे धावलेले केपाचे दोन्ही शिकारी कुत्रे अचानक गप्प झाले आणि शेपट्या पायांत घालून परत आले. भरदुपारी न्यू गिनीच्या डोंगरावर दाट धुकं उतरलं होतं. केपाने वर पाहिलं. शेवाळलेल्या फांदीवर झाडकांगारू बसली होती. कित्येक वर्षांत या रानात कुणालाच अशी एकही दिसली नव्हती.

"दाजी, सोडा बाण," मेहुणा अरुक कुजबुजला. "पोरीच्या लग्नाला याहून चांगलं मांस मिळणार नाही."

केपाने धनुष्य ताणलं. झाडकांगारू पळाली नाही. खोडाला मिठी मारून हळूहळू खाली उतरली, थेट त्याच्यासमोर आली आणि त्याचा गुडघा हुंगू लागली. तिच्या पोटावरची पिल्लाची पिशवी रिकामी लोंबत होती.

"ही घाबरत कशी नाही? भूतबित तर नाही ना?" अरुक मागे सरकला.

"भूत नाही रे. हिच्या जातीचं कुणी उरलंच नसेल, म्हणून आपल्यापाशी आली." केपाने धनुष्य खाली केलं. त्याने बाण भात्यात परत ठेवला. "चल. लग्नात रताळी वाढू."

दोघे डोंगर उतरू लागले. ती पुन्हा झाडावर चढली आणि डोक्यावरच्या फांद्यांतून त्यांच्या मागे येऊ लागली. ओढ्यापाशी तिची सळसळ थांबली. केपाने अरुकचा हात घट्ट धरला. पलीकडच्या उतारावरून, धुक्याच्या आतून, तशीच दुसरी सळसळ तिच्या दिशेने येत होती.