वाळूतल्या गोगलगायी

पंजाब पेटलेला असताना सुमेधा नवऱ्याच्या बदलीपायी चंदीगडला आली. वरच्या मजल्यावरचा टिटू तिला धाकट्या दिरासारखा. तिच्या फिशटँकमध्ये त्यानंच गोगलगायी आणून सोडल्या. "भाभीजी, ये घोंघे रेत में घुसकर सफाई करते हैं. आपको हाथ डालने की जरूरत ही नहीं." टँकचं पाणीही दर रविवारी तोच बदलायचा.

एका सकाळी पोलीस मागे लागले आणि टिटू थेट तिच्या दिवाणखान्यात घुसला. गोळ्यांनी त्याची चाळण झाली, टँक फुटला, रक्ताचा आणि मासळीचा चिखल झाला.

"गरीब पोराला मारलंत, मेल्यांनो!" सुमेधा मराठीतच किंचाळली.

इन्स्पेक्टरनं सांडलेली वाळू बुटानं सारली. गोगलगायींखाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली दोन पिस्तुलं होती. त्यानं बंदूक तिच्यावर रोखली.

 

"टँक किसका है, भाभीजी?"