न वाजणारा डबा

गाणी संपली आणि बायजाबाईने खिरापतीचा डालड्याचा डबा पुढे ठेवला. गोळीबार चौकामागच्या गल्लीतली मातीची भुलाबाई आज तिच्या घरी मांडली होती. डबा हलवून आत काय आहे ते ओळखायचं, त्याशिवाय खायला मिळत नाही, अशी रीतच आहे. सोळा पोरी सरसावल्या.

डबा वाजेना.

कोणी पेढे म्हटलं, कोणी शिरा. बायजाबाई नुसती मान हलवत होती. भुलाबाईच्या अगदी शेजारी कुसुमावती बसली होती. गल्लीत तिच्या हुकमाशिवाय पान हलत नसे. आठ दिवसांपूर्वी तिनेच बायजाबाईच्या श्रावणला आपल्या अंगणात दाबून धरलं होतं आणि पोराच्या जातीला वेणी कशाला म्हणून कातर चालवली होती. आपली वेणी आपणच घालणारं, डोक्याला आईचा हातही न सोसणारं लेकरू ते. तेव्हापासून कोपऱ्यात बसून नुसतं डुलत होतं. बायजाबाई तेव्हा भांडली नाही. तिने डूख धरला.

आता तिने श्रावणला हाक मारली. फ्रॉक घातलेलं, डोकं वेडंवाकडं कातरलेलं लेकरू भिंतीपासून पुढे आलं. पोरी हसल्या. कुसुमावतीही पदराआड हसली. पण दर वर्षी खिरापत ओळखावी ती याच लेकराने, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याने डबा हलवला, कानाला लावला, झाकणाचा वास घेतला.

"माहे केस."

बायजाबाईने झाकण काढलं. लाल रिबिनीसकट वीतभर वेणी. हसणं जागच्या जागी थांबलं. तिने ती उचलून कुसुमावतीच्या हातावर ठेवली.

"घ्या जी. खिरापतीले नाही म्हनू नये. पयला मान तुमचा."

तरी कुसुमावतीने विचारलंच, "पोरगं हाय का पोरगी, ते तं सांगसान?"

"ते लेकरूच ठरवन. त्याले घाई नाही, मले बी नाही. तुमी सरका, ते जागा त्याची हाय."

सोळा पोरी बघत होत्या. कुसुमावती वेणी मुठीत धरून सरकली. बायजाबाईला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, इतकं बरं तिला लेकराच्या बारशालाही वाटलं नव्हतं.

लेकरू भुलाबाईशेजारी, आपल्या रोजच्या जागेवर बसलं. त्याने झाकण लावलं, डबा पुन्हा हलवला, कानाला लावला.

"आता रिकामा हाय," ते म्हणालं.