स्विच कुठे, ते सांगू नका

"नुसता सायरन वाजून भागणार नाही," गिऱ्हाईक म्हणालं. "गाडी सुरूच होता कामा नये. चावी हातात असली तरी."

वायरिंगवाल्यानं स्टिअरिंगखालचं झाकण काढून आत डोकं घातलं. गाड्यांना अलार्म बसवण्यात त्याचा हातखंडा होता, पण तोंड चालल्याशिवाय त्याचा हात चालत नसे.

"होईल की. स्टार्टरची वायर मध्ये कापतो, तिथं रिले टाकतो. रिमोट नसेल तर बसू दे त्याला चावी फिरवत. इंजिन हूं की चूं करणार नाही."

"रिमोट त्याला सापडेल."

"असा कसा सापडेल?"

"चावी सापडतेच ना. तांदळाच्या डब्यात लपवली, तिथून काढली. बायको उशीखाली घेऊन झोपली, तिथूनही नेली."

वायरिंगवाल्याचा हात थांबला. उशीखालून चावी नेणारा चोर त्यानं आजवर ऐकला नव्हता.

"म्हणजे थेट घरात येतो?"

"कुलूप त्याला अडवत नाही."

"मग ओळखीतलाच आहे. मेव्हणा आहे का तुम्हाला?"

गिऱ्हाईक पहिल्यांदाच हसलं. "आहे. पण तो देवमाणूस आहे."

"मग एखादा मित्र असेल. केसानं गळा कापणारी माणसं जवळचीच असतात, साहेब."

गिऱ्हाइकानं चहाचा कप उचलला. हात इतका थरथरत होता, की निम्मा चहा बशीत सांडला. त्यानं कप न पिताच खाली ठेवला. वायरिंगवाल्याला दया आली. माणसानं फारच धसका घेतलेला दिसत होता.

"ही मागची बाजू त्यानंच चेपवली?"

"हो. खांबावर घातली." त्यानं चेपलेल्या पत्र्यावर हात ठेवला. "बायको-मुलगी बाजारातून आल्या होत्या. बायको पिशव्या ठेवायला वर गेली. चावी गाडीलाच. मुलगी मागच्या सीटवर झोपलेली. तेवढ्यात तो गाडी घेऊन गेला. मागं पोर आहे, याचा त्याला पत्ताच नव्हता. तर्र होता. तिचे दोन्ही पाय..."

त्यानं पत्र्यावरचा हात काढून घेतला.

वायरिंगवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला स्वतःला दोन मुली होत्या. "माझ्या तावडीत सापडू दे एकदा. हात मोडून ठेवतो त्याचे!"

"मोडा," गिऱ्हाईक म्हणालं. "खरंच मोडा."

"पोलिसांनी नाही पकडला?"

"पकडला. सुटून आला. सगळ्यांच्या पाया पडला, परत असं करणार नाही म्हणाला. लोकांचा विश्वास बसतो त्याच्यावर."

"तुमचा बसला?"

"माझा तर दर वेळी बसतो."

असला भोळा माणूस वायरिंगवाल्यानं पाहिला नव्हता. टेस्ट लॅम्पची पिन एकेका वायरीला टोचत त्यानं स्टार्टरची वायर शोधली, कापली, दोन्ही टोकं सोलली.

"मी काय म्हणतो, गाडीच विकून टाका ना. डोक्याला ताप कशाला?"

"मुलीला रोज व्यायामाला दवाखान्यात न्यावं लागतं. बायको नेते. पायांना सळ्या आहेत, बसमध्ये चढता येत नाही. व्यायाम थांबला तर चालणं विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलंय." त्यानं गाडीच्या टपावर हात टेकला. "गाडी विकता येत नाही. आणि ती पुन्हा त्याच्या हाती लागली, तर या खेपेला कुणीतरी मरेल. मला माहीत आहे ना. म्हणून तर आलो."

वायरिंगवाल्यानं जीव ओतून काम केलं. सायरन बॉनेटच्या आत अशा कोपऱ्यात ठोकला, की तो उपटायचा तर आधी बॅटरी काढावी लागावी. दारांच्या वायरी ओढल्या. जोडांवर काळी टेप गुंडाळली.

"आता तुमच्यासाठी खास गुप्त स्विच टाकतो," तो म्हणाला. "रिमोट चोरला, चावी चोरली, तरी हा स्विच दाबल्याशिवाय गाडी जागची हलायची नाही. या, इकडं वाका. कुठं बसवतोय ते बघून ठेवा."

गिऱ्हाईक झटक्यात मागं सरलं. "नको! मला सांगू नका."

"अहो, मालक तुम्ही!"

"तो माझ्याकडून काढून घेईल. आजवर सगळं काढून घेतलंय. मी त्याच्यापुढं टिकत नाही हो." त्याचा आवाज फाटला. "बायको येईल आता. तिलाच दाखवा. दोन्ही रिमोट तिच्याच हातात द्या. आणि उद्या मी स्वतः इथं आलो, रडलो, तुमचे पाय धरले, तरी सांगायचं नाही. शपथ घ्या."

वायरिंगवाल्याच्या अंगावर काटा आला. म्हणजे हा हरामखोर या बिचाऱ्याच्या मानेवर सुरी ठेवून त्याला इथवर आणणार तर! त्यानं गळ्याला हात लावला.

"आईशप्पथ. मेलो तरी सांगणार नाही."

गिऱ्हाइकानं स्टूल उचललं आणि तो रस्त्यापलीकडं, गाडीकडं पाठ करून जाऊन बसला. तिकडूनच त्यानं कानांवर हात ठेवले. स्विच बसवल्याचा आवाज ऐकू येईल, अशी भीती वाटत असावी.

सायरन तपासून होतो न होतो तोच त्याची बायको आली. चेहऱ्यावर कित्येक दिवसांची झोप साचलेली. तिनं आधी पलीकडं नजर टाकली.

"यांनी पाहिलं नाही ना?"

"छे हो. मघापासून पाठ फिरवून बसलेत."

तिनं वाकून स्विचची जागा बघितली. दाबला, गाडी सुरू केली. मग स्विच न दाबता चावी फिरवली. इंजिन गप्प. पुन्हा फिरवली. गप्पच. तिचे डोळे भरून आले, आणि वायरिंगवाला उगाचच हत्यारं गोळा करू लागला.

पण गप्प राहणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"वहिनी, राहवत नाही म्हणून विचारतो. साहेब काही नाव घेत नाहीत त्याचं. तुम्ही तरी ओळखता का त्या चोराला?"

तिनं दोन्ही रिमोट पर्समध्ये टाकले आणि चेन ओढली.

"ओळखते ना," ती म्हणाली. "संसार करतेय त्याच्याशी."