संदर्भ पाचवा

"हा निबंध दादरला जाणार नाही." साटम सरांनी मनवाचे कागद टेबलावर आपटले. "उद्या दुपारपर्यंत पोरीकडून परत लिहून घ्या. पालकांचा ओढा इंग्रजीकडे आहे म्हणून मराठी शाळा बंद पडतात. विषय संपला."

सुचित्रा परब मुख्याध्यापकांसमोर उभीच होती. त्यांनी तिला बसा म्हटलं नव्हतं. निबंध तिने वाचलाही नव्हता. नववीतल्या मनवा घाडीने तो शेवटच्या दिवशी परस्पर ऑफिसात नेऊन दिला होता. सुचित्राला त्या मुलीचाच संताप आला.

तीन आठवडे ती या वर्गापुढे घसा फोडत होती. दादरच्या एका वाचनालयाची स्पर्धा होती. विषय, 'मराठी शाळा का बंद पडतात?' मत स्वतःचं मांडायचं, पण प्रत्येक विधानाला आधार द्यायचा, अशी अट. पहिल्या खेपेला निम्म्या वर्गाने संदर्भ म्हणून 'गुगल' लिहिलं. तिने वह्या परत केल्या. "गुगल हे कपाट झालं. मला कपाट नको, आतलं पुस्तक सांगा. कोण म्हणालं, कधी म्हणालं?" मयूरने एआयला विचारून तीन पुस्तकांची नावं आणली. तिन्ही पुस्तकं कोणी कधी लिहिलीच नव्हती. त्या दिवशी ती इतकी ओरडली की शेजारच्या वर्गावरच्या बाई डोकावून गेल्या. "छापलेलं सापडत नसेल तर माणसाला जाऊन भेटा. नाव, तारीख, जागा लिहा. मनचं काही लिहाल तर फाडून टाकीन!"

आणि एवढं शिकवून ही मुलगी तिला न दाखवता निबंध देऊन मोकळी झाली होती.

मधल्या सुट्टीत तिने ते कागद घेऊन मनवाला जिन्याजवळ गाठलं.

"मला का नाही दाखवलास?"

"तुम्ही पाठवला नसता, बाई."

"आगाऊपणा करू नकोस. एवढं काय लिहिलंयस?"

"वाचा ना."

सुचित्राने तिथेच उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली. 'आमच्या शाळेत मुलं येत नाहीत हे खोटं आहे. मुलं येतात. त्यांना परत पाठवतात. मग पट घसरला म्हणून वर्ग बंद होतो, आणि ती खोली वरच्या मजल्यावरच्या इंग्रजी माध्यमाला मिळते.' पुढे लालबाग-परळमधल्या चार घरांची माहिती होती. यंदा पहिलीत न घेतलेली चार मुलं. बकुळा तांडेल यांचा ध्रुव त्यांतला पहिला. शेवटी संदर्भांची यादी. एक ते चार, त्या मुलांच्या आयांशी झालेलं बोलणं. नाव, तारीख, जागा. सगळं शिकवल्याबरहुकूम.

पाचवा संदर्भ असा होता: 'सुचित्रा परब, सहायक शिक्षिका. प्रत्यक्ष ऐकलेलं. प्रवेशाची खिडकी, १२ जून, सकाळी साडेदहा. शब्द: पहिलीला जागा नाही, दुसरीकडे बघा.'

सुचित्राचे कान तापले.

"मी तुझ्याशी कधी बोलले असं?"

"माझ्याशी नाही, बकुळाकाकीशी. आमच्याच चाळीत राहते ती. तिला फॉर्म भरायला जमत नाही म्हणून मी सोबत आले होते. तुम्ही मान वर केली नाहीत, बाई."

तिने खरंच केली नव्हती. जूनमध्ये साटम सरांनी तिला त्या खिडकीवर बसवलं आणि सांगितलं, संस्थेचा निरोप आहे, पहिलीला कोणाला घ्यायचं नाही. मागच्या वर्गात बाकं रिकामी पडली होती. ती तिला बसल्या जागेवरून दिसत होती. मुलांना गुगलवरून झोडपणाऱ्या बाईने सरांना एका शब्दाने विचारलं नव्हतं, कोणाचा निरोप, कुठे लिहिलाय.

"खोटं असेल तर फाडा," मनवा म्हणाली. ती जागची हलली नाही.

सुचित्राने कागद घडी न घालता हातात धरले. ती स्टाफरूममध्ये गेली, आपलं कपाट उघडलं, मग दार जोरात लोटून तडक ऑफिसात शिरली. मनवा तिच्या मागे उंबऱ्याशी थांबली.

"झालं लिहून?" साटम सरांनी विचारलं. तिचा चेहरा पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "परब बाई, अकरा वर्षं झाली तुम्हाला इथे. पुढच्या जूनपासून इंग्रजी माध्यमाकडे तुमचं नाव मी घातलंय. बाकीच्यांचं काय होईल ते मलाही माहीत नाही. नसता उद्योग करू नका."

"निबंधात एक चूक आहे, सर."

सर खुर्चीत मागे रेलले. "मग! मी सकाळपासून काय सांगतोय?"

ती या वेळी सांगण्याची वाट न पाहता बसली. लाल पेन काढलं आणि 'चार' या शब्दावर कागद फाटेल इतक्या जोराने काट मारली. मग एक शंभर पानी वही तिने टेबलावर ठेवली. जूनमध्ये खिडकीवरून निघताना प्रत्येक आई म्हणायची, जागा झाली तर कळवा हं. रांग पुढे सरकावी म्हणून ती प्रत्येकीचं नाव, मुलाचं नाव आणि फोन नंबर लिहून घ्यायची. एकीलाही तिने फोन केला नव्हता.

"चार नाही, सर. सदतीस मुलं परत पाठवली. अक्षर माझं आहे."