वीतभर अक्षरं

"अध्यक्षांचं नाव वर, चांगलं वीतभर उंच," कारकुनाने मजकुराचा कागद शिळेवर ठेवत सांगितलं. "मुलाचं खाली. बोटभर पुरे."

पाथरवटाने छिन्नी बाजूला ठेवून कागद वाचला. पहिल्या पाच ओळी नगराध्यक्षांच्या कार्याच्या होत्या. तळाशी, जागा उरली म्हणून लिहावं तसं, युद्धात पडलेल्या सैनिकाचं नाव. सैनिक एकोणीस वर्षांचा होता. पाथरवटाचा एकुलता एक मुलगा.

"बरं," पाथरवट म्हणाला.

त्याची बायको आतून तरातरा आली. तिने कागद हिसकावून वाचला.

"मेलं कोण? माझा लेक की तुमचे अध्यक्ष?"

"काकू, समजून घ्या. चौकातली जागा नगरपरिषदेची आहे."

"आणि लेक कुणाच्या पोटचा होता?"

कारकुनाने चपला पायांत सरकवल्या आणि काढता पाय घेतला.

त्या दिवसापासून तिने नवऱ्याशी बोलणं टाकलं. ताट पुढे सरकवायची, तेवढंच. अंगणात मात्र ठक ठक चालूच होती; उठताना तो शिळेवर पोतं टाकून ठेवायचा. आठव्या दिवशी तिचा बांध फुटला.

"भरतीचा कागद आला, तुम्ही 'बरं' म्हणालात. पेटी आली, उघडू नका म्हणाले, तेव्हाही 'बरं'. मृत्यूच्या दाखल्यासाठी भरतीच्या कचेरीत याद्या चाळत दिवस मोडून आलात, घरी येऊन तोंडातून शब्द नाही. आता माझ्या लेकाच्या मरणावर तो मिरवणार आणि अक्षरं तुम्ही कोरणार? दगड फोडता फोडता तुमचाच दगड झालाय!"

"अध्यक्षांचं नाव मोठंच हवं," तो दगडावरची भुकटी फुंकत म्हणाला. "रस्त्यापलीकडून वाचता आलं पाहिजे."

तिने कपाळावर हात मारून घेतला.

अनावरणाला चौक गच्च भरला. बँड वाजला. शिळेवर पांढरं कापड होतं. पहिल्या रांगेत अध्यक्षांची बायको आणि नव्या कोटातला त्यांचा मुलगा बसले होते. पाथरवट आणि त्याची बायको कडेला उभे होते. त्यांना खुर्च्या ठेवायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"मीही एक बाप आहे," अध्यक्ष छातीवर हात ठेवून म्हणाले. "हा मुलगा गेला तेव्हा माझ्याच पोटचा गेला असं मला वाटलं."

टाळ्या पडल्या. पाथरवटाच्या बायकोने संतापाने मान फिरवली.

अध्यक्षांनी दोरी ओढली. कापड खाली आलं.

टाळ्या सुरू झाल्या, आणि पुढच्या रांगेपासून मागेपर्यंत एकेक करत थांबल्या. ती वळली. शिळेवर वीतभर अक्षरांत अध्यक्षांचं नाव होतं. त्याखाली, नवऱ्याच्या हातच्या स्वच्छ, खोल अक्षरांत, दोनच ओळी होत्या:

'यांनी भरतीच्या यादीतून स्वतःच्या मुलाचं नाव खोडलं.
त्या जागी माझ्या मुलाचं लिहिलं.'