जास्तीचं जस्त

आत प्रयोगशाळेत माती भरलेल्या बाटल्या यंत्रावर खडाखडा हलत होत्या, आणि बाहेर बाकावर श्रेयांस दाराकडे डोळे लावून बसला होता. आज निकाल बरोबर येणार. म्हणजे संपलंच की सगळं! पुन्हा इथं मच्छे गावाला यायचं ते कुठल्या तोंडानं?

शेजारी त्याचे वडील, बोरगावचे अण्णाप्पा, म्हणजे घरचे आप्पा, ताठ बसले होते. त्यांच्या उसाच्या पानांवर फिकट पट्टे दिसायला लागले होते. झिंक सल्फेट टाकायचं की नाही, एवढंच त्यांना विचारायचं होतं. त्यासाठी श्रेयांस या प्रयोगशाळेत माती घेऊन यायचा, आणि दर खेपेला एकच उत्तर मिळायचं. झिंक, म्हणजे आपलं जस्त, भलतंच जास्त आलंय. नमुना बिघडलाय, परत आणा.

नमुना बिघडत नव्हता हो, बिघडवला जात होता! पहिल्या खेपेला चुकून झालं, ते खरं. पत्र्याच्या बादलीला जस्ताचा मुलामा असतो, तिच्यात माती कालवली की तो मातीत उतरतो, हे प्रयोगशाळेतल्या सौम्यानं समजावून सांगितलं होतं. सांगताना ती हसली. झालं, गडी गार! घरी येऊन त्यानं गोठ्यातली सगळ्यात जुनी, पोपडे निघालेली पत्र्याची बादली हुडकली आणि पुढची प्रत्येक माती तिच्यात मनसोक्त घोळली.

माती बिघडली की बेळगावची बस, आणि बेळगावहून मच्छे. सौम्या पांढऱ्या कोटात बाहेर यायची, “अहो, परत जास्त!” म्हणायची, आणि हा परतीच्या बसमध्ये निपाणी येईपर्यंत खिडकीत एकटाच हसत बसायचा. कंडक्टरसुद्धा त्याच्याकडे बघून हसायला लागला होता. मनातलं मात्र काही केल्या ओठांवर येत नव्हतं. पुढच्या खेपेला बोलू, असं म्हणत तो परत यायचा.

शेवटी आप्पांचं डोकं फिरलं.

“तुला माती सुदीक काढता येत न्हाय व्हय रं? सर बाजूला!”

त्यांनी स्वतः बांबूच्या कामटीनं माती काढली, प्लॅस्टिकच्या घमेल्यात घेतली, धुतलेल्या धोतरावर सावलीत वाळवली आणि कोऱ्या पिशवीत भरली. पत्रा सोडाच, साधा खिळा जवळ येऊ दिला नाही. बसमध्ये ती पिशवी तान्ह्या नातवासारखी मांडीवर घेऊन बसले. श्रेयांसनं धरतो म्हटलं, तर त्याचा हात झटकला.

आता सौम्यानं त्या मातीत रसायनाचं पाणी घालून बाटल्या हलवायला लावल्या होत्या. पिकाच्या मुळांना जेवढं जस्त मिळू शकतं, साधारण तेवढंच ते पाणी मातीतून ओढून घेतं. मग ते गाळायचं आणि मोजणाऱ्या यंत्राला पाजायचं. यंत्र काही खोटं बोलत नाही. श्रेयांसला त्या यंत्राचा लई राग आला.

आजच बोलायला हवं होतं. पण आप्पांसमोर? आप्पांसमोर त्यानं कधी दुसरी भाकरी मागितली नव्हती!

खडखड थांबली. बऱ्याच वेळानं दार उघडलं. सौम्याचा चेहरा अगदी गंभीर होता.

“काका, झिंक परत जास्त आलंय.”

“आँ?” आप्पा ताडकन उठले. “अगं, मी सोता काढलीय की माती!”

“होतं असं कधी कधी, काका. परत आणावी लागेल.” ती जराशी घुटमळली. “तोवर उसाला झिंक सल्फेट मात्र टाकून घ्या. उशीर नको.”

“जास्त हाय म्हन्तीस, आनि वर टाक म्हन्तीस?”

सौम्याचे कान लालबुंद झाले. श्रेयांसच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. कमी आलंय! जस्त कमीच आलंय! पोरगी चक्क खोटं बोलतेय! त्याला तिथंच बाकावर चढून नाचावंसं वाटलं. त्यानं बाक दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.

“तुम्ही कशाला दगदग करता, काका,” सौम्या त्याच्याकडे न बघता म्हणाली. “ह्यांनाच पाठवा. रविवारी.”

रविवारी प्रयोगशाळेला कुलूप असतं.